हातचं राखून जगणारे जिवाणू

एकच जिवाणू घ्या. ई. कोलाय घेऊ, कारण प्रयोगशाळांमध्ये सगळ्यात जास्त अभ्यास त्याचाच झालाय. लांबी साधारण दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. त्याला भरपूर पोषण असलेल्या द्रवात सोडलं आणि ऊब माणसाच्या शरीराइतकी ठेवली, की दर 20 मिनिटांनी एकाचे दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ. सात तासांत 20 लाखांच्या वर. हे सगळे एकाच पेशीचे वंशज. डीएनएची नक्कल करताना साधारण हजार विभाजनांत एखादी चूक होते, पण ते मोजके अपवाद सोडले तर सगळ्यांचा डीएनए अक्षरन् अक्षर सारखा. द्रव एकच, ऊब एकच, अन्न एकच. खऱ्या अर्थानं एका माळेचे मणी.

आता त्या द्रवात त्यांना मारणारं औषध टाकलं तर काय व्हायला हवं? सगळे सारखेच असतील, तर एक तर सगळे मरावेत, नाहीतर सगळे वाचावेत. प्रत्यक्षात बहुतेक सगळे मरतात आणि अगदी थोडे उरतात. ते थोडे का उरतात, हा प्रश्न मला जीवशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर प्रश्नांपैकी एक वाटतो. कारण त्याच्या उत्तरात कुठलंही खास हत्यार सापडत नाही. त्यांचं नशीब बरं होतं, एवढंच उत्तर मिळतं. आणि मग आपल्याला समजून घ्यावं लागतं ते त्या नशिबाचं यंत्र.

1944 साली डब्लिनमधले जिवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर पेनिसिलिनवर काम करत होते. औषध तेव्हा नवं होतं, आणि त्यांना एक गोष्ट छळत होती. स्टॅफिलोकोकस जिवाणूंवर पेनिसिलिनचा मारा करून नळी स्वच्छ झाली असं वाटलं, तरी पुष्कळदा त्यातले काही जिवाणू जिवंत सापडायचे. प्रमाण साधारण दहा लाखांत एक. सहज सुचणारा अंदाज असा, की या उरलेल्यांमध्ये औषधाला दाद न देणारा काही बदल झाला असेल. बिगर यांनी उरलेल्यांची पैदास वाढवली आणि त्या पिढीवर पुन्हा पेनिसिलिन टाकलं. पिल्लं पहिल्या पिढीसारखीच पटापट मेली, आणि पुन्हा तसेच थोडे उरले. वाचलेल्यांनी आपल्या मुलांना काहीच दिलं नव्हतं. बिगर यांनी या उरणाऱ्या पेशींना ‘पर्सिस्टर’ म्हटलं. मराठीत आपण त्यांना चिवट पेशी म्हणू.

इथे एक गल्लत जवळजवळ सगळ्यांची होते, म्हणून जरा थांबून ती दूर करतो. ‘जिवाणूंना औषधाची सवय झाली’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा आपल्या मनात प्रतिरोध असतो. प्रतिरोधात डीएनए बदललेला असतो. औषध फोडून टाकणारं प्रथिन जास्त बनतं, किंवा औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलते, आणि हा बदल पुढच्या पिढ्यांना वारशानं मिळतो. असा जिवाणू औषधात वाढू शकतो. सॅल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी 1943 साली दाखवून दिलं, की असे बदल मारा होण्याच्या आधीच, योगायोगानं घडलेले असतात. मारा होतो म्हणून ते घडत नाहीत. चिवट पेशीचं तसं नाही. तिचा डीएनए तिच्या मेलेल्या बहिणींसारखाच. औषधात ती वाढत नाही, नुसती टिकून राहते. औषध गेलं की जागी होते आणि सामान्य पेशींना जन्म देते. साम्य एवढंच की योगायोग दोन्हीकडे आहे: प्रतिरोधात तो डीएनएच्या नकलेत घडतो, आणि इथे पेशीच्या रोजच्या कारभारात.

दहा नाणी आणि दहा हजार नाणी

हा रोजचा कारभार म्हणजे काय? डीएनएवरच्या जनुकाची नक्कल होऊन संदेशवाहक आरएनए बनतो, आणि तो वाचून प्रथिनं बनतात. शाळेच्या पुस्तकात हे कारखान्यासारखं शिस्तीत चालताना दिसतं. पण पेशीत कोणी मुकादम नसतो. रेणू पाण्यात सैरावैरा फिरतात, एकमेकांवर आदळतात, योग्य जागी योग्य जोडी जुळली की काम होतं. केव्हा जुळेल ते सांगता येत नाही. गर्दी प्रचंड असेल तर हा बेभरवशाचा प्रकार सरासरीत विरून जातो. गर्दी कमी असेल तर विरत नाही.

नाण्यांचं उदाहरण घेऊ. एका पेशीत एखाद्या प्रथिनाचे 10,000 रेणू आहेत आणि ती दुभंगतेय. प्रत्येक रेणू डाव्या लेकीकडे जाणार की उजव्या, हे जणू नाणं उडवून ठरतं. तरीही डावीकडे 4,900 ते 5,100 च्या दरम्यान रेणू येण्याची शक्यता 95 टक्क्यांच्या आसपास असते. दोघींना जवळपास सारखा वाटा. आता रेणू 10 च आहेत असं समजा. बरोबर पाच-पाच वाटणी होण्याची शक्यता जेमतेम 25 टक्के. सात-तीन किंवा त्याहून विषम वाटणी होण्याची शक्यता 34 टक्के. म्हणजे तीनातल्या एका विभाजनात एका बहिणीला दुसरीच्या दुपटीहून जास्त मिळतं, आणि यात कोणाचीच चूक नसते.

जिवाणूत असे मोजके रेणू खरंच असतात का? असतात, आणि तेही कळीच्या जागी. ई. कोलायमध्ये दुधातली साखर पचवणाऱ्या जनुकांवर कुलूप म्हणून बसणारं प्रथिन पूर्ण पेशीत दहाच्या आसपास असतं. संदेशवाहक आरएनएची गोष्ट त्याहून टोकाची. तो काही मिनिटांतच मोडतो, आणि बहुतेक जनुकांचे आरएनए कोणत्याही क्षणी मोजले तर सरासरी पेशीमागे एकही भरत नाही. एखाद्या पेशीत एक असतो, शेजारच्या चारांत शून्य. त्यातून जनुकं सारख्या धारेनं चालत नाहीत. वळवाच्या सरीसारखं काही वेळ धो धो, मग कोरडं. एकाच वेळी दोन पेशी पाहिल्या तर एकीत सर चालू असते, दुसरीत ऊन.

हे डोळ्यांनी दाखवणारा प्रयोग 2002 साली मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी केला. त्यांनी ई. कोलायच्या डीएनएमध्ये दोन चमकणारी प्रथिनं बसवली, एक निळसर, एक पिवळं. दोन्हींना चालू-बंद करणारं बटण तंतोतंत सारखं. या मांडणीतली हुशारी पाहा. पेशी एकंदरीतच सुदृढ असेल, तिच्याकडे यंत्रसामग्री जास्त असेल, तर दोन्ही रंग एकत्र वाढतील. पण एकाच पेशीत, एकाच परिस्थितीत, सारखं बटण असूनही दोन रंग वेगवेगळे वरखाली होत असतील, तर त्याला रेणूंच्या योगायोगाखेरीज दुसरं कारण उरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही प्रकार दिसले. शेजारशेजारच्या जुळ्या पेशी निरनिराळ्या रंगांत उजळल्या होत्या. व्यक्ती तितक्या प्रकृती हे जिवाणूंनाही लागू पडतं.

या फरकाला शास्त्रज्ञ ‘नॉइज’, म्हणजे गोंगाट म्हणतात. मला हा शब्द थोडा अन्यायाचा वाटतो. गोंगाट म्हटलं की तो नकोसा, दाबून टाकायचा असं वाटतं, आणि बरीच वर्षं विज्ञानात त्याच्याकडे तसंच पाहिलं गेलं.

थोडासा फरक मोठा कसा होतो

इथे शंका येईल. एका पेशीत कुठल्याशा प्रथिनाचे सात रेणू, दुसरीत तीन. असेनात. त्यानं जगण्या-मरण्याइतका फरक कसा पडेल?

याचं उत्तर 1957 सालच्या एका जुन्या प्रयोगात आहे. आरॉन नोविक आणि मिल्टन वायनर ई. कोलायला दुधातल्या साखरेसारखा एक कृत्रिम रेणू अगदी थोड्या प्रमाणात देत होते. हा रेणू पेशीत शिरला की ती साखर पचवणारी जनुकं उघडतो. पूर्ण नळीतलं पाचक प्रथिन मोजलं, तर ते हळूहळू वाढताना दिसायचं. वाटावं, प्रत्येक पेशी हळूहळू तयारीला लागलीय. खरा प्रकार वेगळाच निघाला. प्रत्येक पेशी एक तर पूर्ण बंद होती, नाहीतर पूर्ण चालू. हळूहळू वाढत होती ती चालू झालेल्या पेशींची संख्या. शितावरून भाताची परीक्षा करतात. इथे इतके दिवस भातावरून शिताची परीक्षा चालली होती, आणि ती चुकत होती.

पेशी मधल्या अवस्थेत का राहत नाही? त्या जनुकांपैकी एक जनुक पेशीच्या आवरणात एक दार बसवतं. या दारातून तो साखरेसारखा रेणू आत येतो. तो आला की कुलूप निघतं आणि आणखी दारं बनतात, आणखी रेणू येतात. एकदा चक्र फिरलं की थांबत नाही. फिरलंच नाही तर पेशी बंदच राहते. मग पहिली दारं येतात कुठून? कुलपाचं प्रथिन डीएनएला दोन जागी धरून बसतं. त्यातली एक पकड अधूनमधून सुटते, तेव्हा एखाद-दुसरा आरएनए बनतो आणि फारसं काही घडत नाही. क्वचित दोन्ही पकडी एकदम सुटतात. तेव्हा मोठी सर येते, पुष्कळ दारं बनतात आणि पेशी पलटते. 2008 साली सनी शी यांच्या गटानं एकेक रेणू पाहून हे दाखवलं. एका रेणूनं एकदा हात सोडला, आणि पूर्ण पेशीचं वागणं बदललं.

लहानसा योगायोग आणि स्वतःलाच वाढवणारं चक्र, या जोडीतून एकाच वंशात दोन जाती असल्यासारख्या पेशी तयार होतात. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत अशाच चक्रातून काही पेशी बाहेरचा डीएनए गिळण्याच्या अवस्थेत जातात, प्रमाण दहा ते वीस टक्के. त्या चक्राच्या केंद्रस्थानी कॉमके नावाचं प्रथिन असतं. 2007 साली एका गटानं या जनुकात असा फेरफार केला, की कॉमकेची सरासरी तीच राहील पण चढउतार कमी होतील. त्यासाठी आरएनए जास्त बनवले आणि प्रत्येक आरएनएवरून बनणारं प्रथिन कमी केलं. चढउतार घटताच डीएनए गिळणाऱ्या पेशींची संख्याही घटली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. गोंगाट आणि पेशींचं पलटणं एकत्र दिसतात, एवढ्यावर तो थांबत नाही. गोंगाट काढला की पलटणंही जातं, म्हणजे पेशी पलटवणारा गोंगाटच होता, हे त्यातून सिद्ध होतं.

आता परत चिवट पेशींकडे. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधं जिवाणूच्या भिंतीच्या बांधकामात मोडता घालतात. वाढणारी पेशी भिंत मोडून पुन्हा बांधत असते. बांधकाम अडलं की ती फुटते. वाढच थांबलेल्या पेशीत बांधकामच नसतं, त्यामुळे औषधाला मारण्यासारखं काही सापडत नाही. तेव्हा चिवट पेशी म्हणजे झोपलेली पेशी असावी, असा संशय बिगर यांनाही होता. प्रश्न होता तो क्रमाचा: पेशी औषधाला घाबरून झोपते, की आधीच झोपलेली असते?

2004 साली नताली बालबान, स्टानिस्लास लाइबलर आणि सहकाऱ्यांनी याचा निकाल लावला. 1983 साली हॅरिस मोयेड आणि केविन बर्ट्रांड यांना ई. कोलायचा एक प्रकार सापडला होता. त्यात एका जनुकातल्या बदलामुळे चिवट पेशी नेहमीपेक्षा शेकडो पटींनी जास्त निघतात. एरवी लाखांत एखादी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. या प्रकारानं ते शक्य झालं. बालबान यांनी पेशींना पारदर्शक पदार्थात कोरलेल्या बारीक चरांत एका ओळीत बसवलं, त्यांचं चित्रीकरण सुरू केलं, मग अँपिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातलं औषध सोडलं, काही तासांनी ते धुऊन टाकलं आणि पुन्हा अन्न दिलं. बहुतेक ओळी विरघळून गेल्या. एखाददुसरी पेशी उरली आणि वाढू लागली. मग त्यांनी चित्रफीत उलटी चालवली आणि उरलेली प्रत्येक पेशी औषध येण्यापूर्वी काय करत होती ते पाहिलं. आजूबाजूच्या पेशी भराभर वाढत असताना ती जवळजवळ जागच्या जागी पडून होती. औषध तेव्हा अजून आलेलंच नव्हतं.

संकटाची चाहूल लागून तयारी करणं जिवाणूंना येतंच. उष्णता, उपासमार, विष, सगळ्यांसाठी त्यांच्याकडे धोक्याच्या घंटा आहेत. पण ती तहान लागल्यावर विहीर खणण्याची गोष्ट. काही संकटं इतकी झटकन येतात की खणायला वेळ मिळत नाही. संरक्षक प्रथिनं बनवायला काही मिनिटं लागतात, आणि बनवायचं कामच औषधानं बंद पाडलं असेल तर ती बनतच नाहीत. अशा वेळी उपयोगी पडते ती तहान नसताना कोणीतरी चुकून खणून ठेवलेली विहीर.

गुणाकारातलं शून्य

मग सगळेच झोपून का राहत नाहीत? आणि उलट बाजूनं, लाखांत एकच पेशी झोपवून काय साधतं?

दहा लाखांच्या वस्तीत दहा पेशी झोपलेल्या आहेत असं धरू. चांगल्या दिवसांत या दहांचा वाढीला काही उपयोग नाही. पण तोटा किती? एक हजारांश टक्का. शेजारच्या पूर्ण जाग्या वस्तीपेक्षा आपली वस्ती मागे पडते ती इतकीशी. आता औषध येतं. जागे सगळे मरतात, दहा उरतात. औषध ओसरून त्या जाग्या झाल्या की 17 वेळा दुप्पट होऊन पुन्हा 13 लाखांवर जातात. दर 20 मिनिटांच्या हिशेबानं त्याला सहा तासही लागत नाहीत. पूर्ण जाग्या वस्तीत मात्र शून्य उरलेलं असतं, आणि शून्याला कितीही वेळा दुप्पट करा.

मर्म इथे आहे. वंशाची वाढ हा पिढ्यांचा गुणाकार आहे. बेरजेत एक वाईट वर्ष बाकीच्या चांगल्या वर्षांनी भरून निघतं. गुणाकारात एकच शून्य आलं की आधीची सगळी कमाई जाते. म्हणून अनिश्चित जगात दीर्घकाळ टिकणारा वंश सरासरी कमाई थोडी सोडतो आणि शून्याची वाट बंद करतो. हातचं राखून खेळणं म्हणतात ते हेच. डॅन कोहेन यांनी 1966 साली हाच हिशेब वाळवंटातल्या एका हंगामाच्या वनस्पतींसाठी मांडला होता: पाऊस पडला तरी सगळ्या बिया त्याच वर्षी उगवत नाहीत, काही जमिनीत थांबून राहतात, कारण पुढे पाऊस दडी मारू शकतो. जिवाणूंचं गणित त्याच जातीचं आहे.

एक सावधगिरी बाळगायला हवी, आणि ती माझ्यासह सगळ्यांनाच जड जाते. ‘वस्ती हातचं राखते’ असं म्हटलं की कोणीतरी बसून ठरवतंय असं वाटतं. झोपलेली पेशी इतरांसाठी त्याग करत नाही, तिला काही माहीत नाही. तिच्यात एखाद्या रेणूचा आकडा योगायोगानं एका रेषेच्या पलीकडे गेला, एवढंच. मोयेड आणि बर्ट्रांड यांच्या प्रकारात बदललेलं जनुक वाढ थांबवणारं एक प्रथिन बनवतं, आणि जोडीचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. पहिल्याची मात्रा दुसऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली की वाढ थांबते. मात्रा किती पुढे गेलीय त्यावर झोप किती लांबेल हे ठरतं. निवड होते ती एकेका पेशीच्या नशिबाची नाही. ते नशीब किती वेळा आणि किती जोरानं पालटेल हे ठरवणाऱ्या जनुकांची होते.

ही निवड प्रयोगशाळेत घडताना पाहिलेलीही आहे. पॉल रेनी यांच्या गटानं 2009 साली स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जिवाणूचे 12 वंश दोन निरनिराळ्या परिस्थितींत आलटून पालटून वाढवले. नियम असा, की प्रत्येक फेरीत आधीच्यापेक्षा वेगळी दिसणारी वसाहतच पुढे जाईल. सुरुवातीला प्रत्येक फेरीत नवं उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएमध्ये नवा बदल, होऊन नवं रूप यायचं. पण 12 पैकी 2 वंशांत असा जिवाणू उपजला, जो एकाच डीएनएवरून आपोआप दोन रूपं देत राहतो: काही पेशी जाड आवरणाच्या, काही बिनआवरणाच्या. परिस्थिती सतत बदलणारच असेल, तर बदल हाच स्वभाव करून टाकायचा, असा तो वंश निघाला.

2014 साली बालबान यांच्या गटानं, आता जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात, याहून नेमकी गोष्ट दाखवली. ई. कोलायला रोज ठरावीक वेळ अँपिसिलिनमध्ये ठेवायचं, मग औषध धुऊन रात्रभर वाढू द्यायचं. एका गटाला रोज 3 तास, दुसऱ्याला 5, तिसऱ्याला 8. काही दिवसांतच तिन्ही गट माऱ्याला पुरून उरायला लागले. औषधाची मारक मात्रा पूर्वीइतकीच होती, म्हणजे प्रतिरोध आला नव्हता. बदललं होतं ते ताज्या अन्नात आल्यावर जागं व्हायला लागणारा वेळ. आणि तो माऱ्याच्या कालावधीशी जुळला होता: 3 तासांचा मारा खाणारे साधारण तितका वेळ पडून राहायचे, 8 तासांवाले 8. पहिल्यांदा वाचताना माझा विश्वास बसला नव्हता. घड्याळ नसलेल्या जिवाला वेळ कसा कळला? त्याला कळला नाहीच. ज्यांचा गजर लवकर वाजला ते औषधात जागे झाले आणि मेले. ज्यांचा फार उशिरा वाजला ते रात्रीच्या वाढीच्या शर्यतीत मागे पडले. मधले उरले. एडो कुसेल आणि लाइबलर यांनी 2005 साली कागदावर काढलेला निष्कर्षही याच जातीचा होता: परिस्थिती ज्या गतीनं पालटते, साधारण त्याच गतीनं आपोआप पालटणारा वंश फायद्यात राहतो.

झोप हा या वैविध्याचा एकच प्रकार. भरपूर अन्नात वाढणाऱ्या ई. कोलायमध्येही, काही कारण नसताना, एखाद्या पेशीत आरपीओएस हे संकटकाळचं प्रथिन मध्येच उसळतं. तेवढा वेळ ती पेशी मंदावते. त्याच क्षणी हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा झाला तर अशा पेशी जास्त वाचतात, हे 2018 च्या एका प्रयोगात दिसलं. एडा या प्रथिनाचं उदाहरण तर मला अस्वस्थ करतं. ते डीएनएवर चिकटलेले घातक मिथाइल गट काढतं, आणि काढताना स्वतःच घंटा होऊन आणखी एडा बनवून घेतं. पण शांततेच्या काळात ते पेशीमागे सरासरी एकाच्या आसपास असतं. सरासरी एक, म्हणजे पुष्कळ पेशींत शून्य. अशा पेशीत डीएनएचं नुकसान सुरू झालं तरी घंटा वाजवायलाच कोणी नसतं. एखादा एडा रेणू योगायोगानं बनेपर्यंत तिच्या डीएनएमध्ये चुका साचत जातात. 2016 साली श्टेफान उपहोफ आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. म्हणजे प्रथिनाच्या योगायोगातून उत्परिवर्तनाचा योगायोग वाढतो. सुरुवातीला आपण ज्या दोन वाटा वेगळ्या केल्या, त्या इथे एकमेकींना मिळतात.

त्या आणखी एका जागी मिळतात, आणि ती जागा आपल्या आजारांशी थेट जोडलेली आहे. 2017 साली बालबान यांच्या गटानंच दाखवलं, की थांबून थांबून दिलेल्या अँपिसिलिनच्या माऱ्यात ई. कोलाय आधी तग धरायला शिकतो, आणि त्या तग धरणाऱ्या वंशातून पुढे खरा प्रतिरोध उपजतो. कारण समजायला सोपं आहे. प्रतिरोध देणारं उत्परिवर्तन दुर्मीळ असतं. ते घडेपर्यंत वंश जिवंत राहायला हवा, आणि झोपलेल्या पेशी त्याला तेवढा अवधी देतात. क्षयासारख्या आजारात रुग्णाला काही आठवड्यांत बरं वाटू लागतं, तरी नेहमीचा औषधोपचार सहा महिने चालतो. त्यामागे मंदावलेले, औषधाला सहज न सापडणारे जिवाणू हे एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. क्षयाच्या जिवाणूच्या कुळात पेशी दोन टोकांनी सारख्या वाढत नाहीत. त्यामुळे दुभंगल्यावर दोन बहिणींचा वेग आणि औषधासमोरचा टिकाव जन्मापासूनच वेगळा असतो.

झोप नेमकी कशानं लागते, यावर मात्र एकमत नाही. प्रत्येक जिवाणूत, प्रत्येक औषधासाठी वाटा वेगळ्या दिसतात. काही पेशी उपासमारीनंतर झोपतात, काही ऐन भरभराटीत. या विषयातले काही गाजलेले शोधनिबंध 2018 मध्ये मागे घेतले गेले, कारण प्रयोगात वापरलेल्या जिवाणूंमध्ये एका विषाणूचा नकळत शिरकाव झाला होता. त्यानंतर पुष्कळांनी आपले निष्कर्ष पुन्हा तपासले.

बिगर यांनी 1944 च्या त्या लेखात एक उपायही सुचवला होता. पेनिसिलिन सतत देण्याऐवजी मध्ये खंड ठेवून द्यायचं. खंडात झोपलेल्या पेशी जाग्या होतील, वाढू लागतील, आणि मग दुसऱ्या माऱ्यात सापडतील. तर्क बिनचूक होता. अडचण अशी, की सगळ्या पेशी एका ठोक्याला उठत नाहीत. झोप जशी एकेका पेशीला योगायोगानं लागते, तशीच जागही योगायोगानं येते. कोणी तासाभरात उठते, कोणी दहा तासांनी. खंड लहान ठेवला तर उशिरा उठणाऱ्या निसटतात, मोठा ठेवला तर लवकर उठलेल्या तोवर लाखांनी वाढलेल्या असतात. त्यामुळे आज बरेच संशोधक दुसऱ्या दोन वाटा धुंडाळतायत: झोपलेल्या पेशींना एकाच वेळी जागं करणारं काही सापडतं का, आणि जी मारायला जागं होण्याची वाटच पाहत नाहीत अशी औषधं बनवता येतात का.